गच्चीवरची मोसंबी

आमच्या गच्चीवर दोन मोसंब्या आहेत. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापला, बुडाला भोकं पाडली, खाली विटा ठेवल्या. झाली कुंडी!

खरं तर ही दुसरी खेप. पहिल्या वेळी मी भावनेच्या भरात शेतातली काळी माती आणून भरली होती. आपल्याच रानातली माती, बाहेरची कशाला, असा विचार. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबलं, खोडातून डिंक यायला लागला आणि दोन्ही रोपं गेली. डिंक्या म्हणतात त्याला. शेतात जी माती पोसते तीच ड्रममध्ये गळा धरते. या वेळी लाल माती, शेणखत, थोडी वाळू, आणि कलमाचा जोड मातीच्या चांगला वर.

अण्णा हे सगळं खाटेवरून बघत होते. बोलले काहीच नाहीत.

अण्णांना ओळखणाऱ्यांना कारण माहीत आहे. २०१२ चा पाऊस गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना, औरंगाबाद, बीडकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमचीही त्यातच. टँकर आणून काही दिवस झाडं जगवली, मग पैसे संपले. शेवटी अण्णांनी स्वतः उभं राहून बाग तोडून घेतली. त्यानंतर घरात मोसंबी आली तरी ते हात लावत नसत.

तर परवा डिसेंबरात मी नेहमीप्रमाणे पाणी घालत होतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून भाज्या धुतलेलं पाणी जपून ठेवतो आम्ही. मागून आवाज आला, "कशाला घालतोस? ताण दे की."

मी थांबलो.

"आंबे बहार धरायचा तर आता पाणी तोडायचं. भारी रानात बरेच दिवस लागतात. तुझ्या डब्यात काय, थोड्या दिवसांत पानं मलूल होतील. तेवढं पुरे. मग खत घालून पाणी सोड, पण हळूहळू. आणि ती खालची फूट काढ, खुंटाची आहे. मोसंबी नाही ती, रंगपूर लिंबू आहे."

एका दमात एवढं! अकरा-बारा वर्षांत बागेबद्दल ते इतकं बोलले नव्हते.

रोज सकाळी ते जिना चढून वर येऊ लागले. पानं चिमटीत धरून बघायचे. एक दिवस म्हणाले, "आज पाणी दे."

जानेवारीत कळ्या आल्या. गच्चीभर वास. मी आपला खुशीत. अण्णा फुलांकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ताण आपण द्यायचा असतो रे. त्या वर्षी वरच्यानं दिला, आणि सोडायला पाणी नव्हतं."

मला काही बोलता आलं नाही. असो.

सात फळं धरली आहेत. दिवाळीच्या सुमाराला तोडायला येतील. पहिलं कोण खाणार, ते मी विचारलेलं नाही.