पिंपातले पाणी

कॉलरा झालेल्या मुलाच्या शरीरातून पाणी जाते, तेव्हा ते एकटे जात नाही. त्याच्यासोबत सोडियम, पोटॅशियम आणि रक्तातील आम्लतेला आवर घालणारे बायकार्बोनेटही जाते. रक्त आटते, मूत्रपिंडांकडचा प्रवाह क्षीण होतो. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते, लघवी थांबते. या टप्प्यावर उशीर झाला, तर मागाहून दिलेल्या पाण्यानेही मूत्रपिंडे सहजी जागी होत नाहीत.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांवर कॉलऱ्याने घाला घातला. कोलकात्याचे बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस सीमेवरील बनगावच्या रुग्णालयात पोचले, तेव्हा खाटा भरून रुग्ण जमिनीवर पडले होते. सलाइन अपुरे होते; ते शिरेतून देणारे जाणते हातही मोजकेच.

साखर आतड्यातून आत शिरताना सोडियमला सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे शास्त्राला ठाऊक होते. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कोलकात्यातील आपले या उपचाराचे अनुभव १९५३ सालीच प्रसिद्ध केले होते. परंतु हा उपचार अशिक्षित आप्तांच्या हाती सोपवावा काय, हा प्रश्न अनुत्तरित होता. महालनबीस यांनी तो सोपवला. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात पुड्या भरल्या गेल्या, बनगावात पाणी पिंपांत कालवले गेले आणि आप्तांनी ते पेल्यापेल्याने पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ३.६ पर्यंत उतरले.

हा चमत्कार नव्हता. बेशुद्धीच्या काठावरच्या रुग्णाला आधी सलाइनच लागे. पिंपातल्या पाण्यामुळे ते त्याच्यासाठी शिल्लक राहिले. पुडीत पोटॅशियम नव्हते. नंतरच्या प्रमाणित मिश्रणात ते आले. त्याचाही न्याय दुधारी आहे. जुलाबात ते गमावलेल्या मुलाला ते हवे असते. पण मूत्रपिंड निकामी झाले, तर तेच रक्तात साचून हृदय थांबवू शकते. म्हणून अतिदक्षता विभागात आजही लघवीचा थेंबन् थेंब मोजला जातो.

महालनबीस २०२२ साली कोलकात्यात निवर्तले. पद्मविभूषण मरणोत्तर, २०२३ साली आले. औषध त्यांच्या आधीही होते. ते आईच्या हाती देण्याइतका विश्वास मात्र त्यांना ठेवावा लागला, आणि तोही मुले समोर मरत असताना.