गडाचा दिवाण

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सिलतऱ्याची धुराडी दिसू लागतात. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांचा हा मुलूख. येथे बसून एखाद्या मराठी लेखकाने कधीच नसलेल्या राज्याची कथा लिहावयास घेतली, तर त्याला अडवणारी गोष्ट मायावी तलवार किंवा उडता घोडा नव्हे. ते वाचक निमूटपणे पत्करतो. अडवतो तो साधा शब्द. राजाने दिली ती आज्ञा, की दिला तो हुकूम? गडाचा कारभारी अमात्य, की दिवाण?

ऐतिहासिक कादंबरीला निदान शकाचा आधार असतो. अद्भुतरम्य कथेचा काळ शब्दांनीच उभा करावा लागतो. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली, आणि त्या काळच्या अलंकृत गद्याने एक सोपी वाट रूढ केली : जुने म्हणजे संस्कृत. प्रासाद, खड्ग, प्रतिहारी असे शब्द पेरले की काळ मागे गेला, अशी समजूत पडली.

ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. शिवाजी महाराजांच्या इच्छेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य आणि डबिराचा सुमंत झाला. परंतु कोश करावा लागला, याचाच अर्थ दरबारी लिहिण्याबोलण्यात फारसी मुरली होती. त्या काळचा खरा कारकून आपल्या नाटकांतील पात्रांहून पुष्कळच सरमिसळ बोलत असला पाहिजे. कोशाने दिलेल्या पर्यायानंतरही ‘पेशवा’ राहिलाच. इतका राहिला की एका युगाला त्याचे नाव पडले.

छत्तीसगडाची मातीही हेच सांगते. रतनपूरच्या कलचुरींच्या व्यवस्थेत चौऱ्याऐंशी गावांच्या गडावर दिवाण, बारा गावांवर दाऊ आणि गावावर गौंटिया, अशी उतरंड परंपरेने सांगितली जाते. हिंदू राजाच्या गडावर बसलेल्या अधिकाऱ्याचे नाव फारसी, आणि त्याच्या खालचा गौंटिया अस्सल देशी! १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले, त्यांच्यामागून मोडी लिपी आली. पुढे परगण्यापरगण्यांत कमाविसदार आणि फडणवीस बसले. या सगळ्यांना पुसून त्यांच्या जागी एकजात अमात्य आणि सचिव नेमले, तर राज्य शुद्ध होईल. पण त्यात माणूस राहणार नाही. कल्पित राज्यातून कोणाची बोली हद्दपार करायची, हा निर्णय लेखक पहिल्याच पानावर घेत असतो, बहुधा नकळत.

खऱ्या चुका मात्र भलतीकडेच होतात. ‘हुकूम’ कटाक्षाने गाळणारा लेखक यादवकालीन रसोईत मिरची वाटतो, तेव्हा तिखटपणा मिऱ्याचा होता हे विसरतो. सैनिकाला पगार देतो, तळघराला चावी लावतो. दोन्ही शब्द पोर्तुगिजांबरोबर आलेले. गोंधळलेला राजा ‘रुळावर येतो’, रेल्वेच्या कितीतरी शतके आधी. टॉल्किनसारख्या भाषापंडितानेही ‘हॉबिट’मधले टोमॅटो १९६६ च्या आवृत्तीत काढून त्या जागी लोणचे ठेवले. मात्र त्याच्या जगात बटाटे राहिलेच.

मग अस्सल जुनी भाषाच का वापरू नये? तेराव्या शतकातील बोलते गद्य ‘लीळाचरित्रा’त आहे. त्यातील छोटी, तुटक वाक्ये कान सुधारण्यासाठी अवश्य वाचावीत. पण तीनशे पाने त्या भाषेत लिहिली तर वाचक टिपांमध्येच हरवेल. वाक्याची लय तेथून घ्यावी, शब्द आजच्या जिभेवरचे. घटका, प्रहर, कोस अजून कोणाला परके नाहीत.

राहतो तो गडावरचा दिवाण. त्याला ठेवावे. आणि गौंटियालाही, टीप न देता, सरळ कथेत आणून बसवावे. खळ्यावर धानाची रास मोजली जात असताना वाटा कोण ठरवतो हे दिसले, की त्या शब्दाचा अर्थ पुण्याच्या वाचकालाही कळतो.