वकिलाच्या नावाचं फूल

क्रोकसला दिसायला देठ असतो, पण तो देठ नव्हे. मातीतून वर आलेली ती फिकट काडी म्हणजे फुलाचीच लांबलचक नळी. अंडाशय खाली, कंदाजवळ, काळोखात. फूल वर उमलून कोमेजूनही जातं आणि फळ महिन्यांनी जमिनीबाहेर डोकावतं. हे वाचलं आणि त्या दिवशीचा स्वयंपाक रेंगाळला.

त्यातही क्रोकस गूलिमी. ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या दक्षिणेला, मुख्यतः मानी भागात, ऑलिव्हच्या बागांत आणि दगडी बांधांच्या कडेला ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं. जगात आपसूक उगवतं ते एवढ्याच टापूत. शास्त्रात त्याची नोंद झाली थेट १९५५ साली. अथेन्सचे वकील कॉन्स्टंटाइन गूलिमिस यांना रानफुलांचा नाद. त्यांचंच नाव फुलाला मिळालं. ऑलिव्ह वेचणाऱ्या बायका तोवर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरून चालत असणार. त्यांना कोणी विचारलं नसेल.

याचं भावंड केशर, तेही शरदातलंच. पण त्याची तऱ्हा उलटी. रानात ते कुठेच नाही. गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे बी धरत नाही. पांपोरला काय नि इराणात काय, माणसाने कंद लावले तरच पुढचं केशर. आमच्या घरी ते डबीतल्या डबीत असायचं. श्रीखंडाच्या दिवशी आजी आधी पंखा बंद करायला लावायची, मग डबी उघडायची. ऐन उन्हाळ्यात आम्ही घामाघूम, आणि ती चिमटीतल्या काड्यांतली एक परत डबीत टाकणार. उरलेल्या खलात, वर चमचाभर कोमट दूध. खलायची मात्र सावकाश, बत्ता न आपटता. एक ग्रॅम केशराला सुमारे १५० फुलं लागतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर त्या दिवशी श्रीखंडात वेलदोडाच पडला असता.

गूलिमीला असला बाजारभाव नाही. म्हणूनच मला ते जास्त आवडतं. गंमत म्हणजे इंग्लंडात, कुंडीत, त्याला पिल्लं भराभर फुटतात. उन्हाळ्यात कंद कोरडे ठेवले की झालं. ‘मानी व्हाइट’ नावाचा पांढरा वाणही मिळतो. पांढऱ्याचं मला अप्रूप नाही. बाहेरच्या तीन पाकळ्या जांभळट, आतल्या तीन जरा फिक्या, हा मूळचा रंग असताना पांढरा कशाला?

आणि पुंकेसर मोजून घ्यावेत. क्रोकसला तीन. सहा दिसले तर ते कोल्चिकम, आणि ते जहाल विषारी.