टीचर अम्मांच्या नातीचं ज्ञानस्नान

तंजावर, रविवार, दुपारचे साडेतीन

प्रिय ठमे,

(साठी जवळ आली तरी माझ्यासाठी तू ठमीच. लीड्सच्या शेजारणींना सांगू नकोस.)

तुझा सतरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा तू रडतेयस म्हणून, आणि परत एकदा नक्की कशासाठी रडतेयस ते कळेना म्हणून. विहीणबाईंनी आयर्लंडहून लेसचा झगा पाठवलाय, त्यांच्या घरातल्या चार पिढ्यांचा बाप्तिस्मा त्याच झग्यात झालाय. तुझी लेक म्हणते, बाळ मोठं झालं की त्याचं तो ठरवील. जावई गप्प. आणि तू? सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणालीस, पुढच्या डिसेंबरात वाईला आणून घाटावर जावळ काढू. ठमे, जावळाला बाळाची सही घेणार आहेस का?

रागावू नकोस. तुझा मेसेज आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एका बाप्तिस्म्याला जाऊन आले, म्हणून तोंड सुटलंय.

माझ्या घरमालकीण टीचर अम्मा लुथरन आहेत हे तुला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, सकाळी नऊला कोविलला चला, नातीचं ज्ञानस्नानम् आहे. कोविल म्हणजे देऊळ, एवढंच माझं तमिळ. मी नारळ, फुलं, उदबत्ती घेऊन तयार! इथले ख्रिस्ती चर्चलाही सहज कोविल म्हणतात. नारळ तसाच पिशवीत घेऊन बसले. बायका कांजीवरम नेसून, केसांत मोगऱ्याचे वळेसर. दाराशी पुरुषभर उंचीची समई, टोकाला हंसाच्या जागी क्रूस. पाळकांनी पोरीला डाव्या हातावर घेतलं, नाव विचारलं आणि उजव्या ओंजळीने तीनदा डोक्यावर पाणी घातलं. पहिल्या ओंजळीला ती दचकली, दुसरीला तोंड वाकडं केलं, तिसरीला पाळकांचा चष्मा ओढला. प्रश्न तिला होते, उत्तरं आईबापांनी आणि ज्ञानमाता-ज्ञानपित्याने दिली.

परत येताना मी विचारलंच, पाच महिन्यांच्या जिवाला ज्ञान कसलं? टीचर अम्मा म्हणाल्या, "चाळीस वर्षं पहिलीला शिकवलं. तांदळात बोट धरून किती पोरांकडून 'अ' गिरवून घेतला. तमिळच का, असं एकानंही विचारलं नाही." मग पुढचं सांगितलं. चौदा-पंधरा वर्षांचं झालं की वर्ग असतात, आणि मग सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या तोंडाने 'होय' म्हणायचं. आपल्याकडचे ख्रिस्ती ज्याला दृढीकरण म्हणतात, ते. कुणी 'नाही' म्हणतं का, मी विचारलं. "एक म्हणाला. माझाच धाकटा." एवढं बोलून त्या कॉफी गाळायला आत गेल्या.

ठमे, मी आले सहा महिन्यांसाठी, सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी रुमाल वाचायला. पण कागदांतूनही पोरंच डोकावतात. तंजावरचा आपला मराठा राजा सर्फोजीच घे. 1787 साली तुळजाराजाने मरणाच्या दारात त्याला दत्तक घेतला, तेव्हा तो नऊ वर्षांचा. बाप बदलला, घर बदललं, विचारलं कुणी? पंडितांनी एकदा ते दत्तक बेकायदा ठरवलं, पुढे दुसऱ्यांनी कायदेशीर. या ओढाताणीत पोराचा वाली झाला तो श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री. गादीवर बसलेल्या चुलत्याच्या, अमरसिंगाच्या, कैदेसारख्या पहाऱ्यातून त्याची सुटका करून 1793 मध्ये मद्रासला पाठवला, तिथेही त्याला शिकवायला मिशनरीच. आता सांग, पोरगं पाद्र्यांच्या हातात, बाप मेलेला, गादी अधांतरी. पाणी शिंपडायला किती वेळ लागतो? श्वार्ट्झने ते केलं नाही. शेवटच्या दुखण्यात त्याला बोलावून ख्रिस्ताचा उपदेश मात्र केला. माणूस होता तोही, मनात असणारच. सर्फोजी ऐकून घेऊन हिंदूच राहिला.

आणि मग गंमत बघ. हाच राजा 1803 मध्ये बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरवून घेतो, आणि हाच राजा आपल्या पाद्र्यासाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून आणतो. शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये ते आहे. श्वार्ट्झ मरणशय्येवर, राजाने त्याचा हात धरलाय, बाजूला शाळेतली पोरं. देवळापासून ते चर्च चालत दहा मिनिटं. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा कुलूप. रखवालदार चहाला गेला की तंजावरात इतिहास बंद असतो.

आणि मागणारीलाही श्वार्ट्झने लगेच पाणी घातलं नाही हं. कोकिला नावाची तंजावरची मराठी ब्राह्मण विधवा, सती जाता जाता एका इंग्रज अधिकाऱ्याने वाचवलेली, त्याच्याबरोबर राहू लागली. तिने बाप्तिस्मा मागितला तर याने चक्क नाही म्हटलं, लग्नावाचून राहतेस म्हणून. तो अधिकारी वारल्यावर 1778 मध्ये पाळयंकोट्टैला दिला. ती झाली क्लोरिंडा. 1785 मध्ये तिने तिथे चर्च बांधलं, लोक त्याला अजून पाप्पात्ति अम्माळ कोविल म्हणतात, म्हणजे बामणीणबाईंचं देऊळ! बाई धर्म सोडून गेली, जात दारावरच्या पाटीसारखी मागे राहिली. पण मला खुपतं ते वेगळंच. 1780 च्या तिथल्या मंडळीच्या यादीत चाळीस नावं आहेत, पहिलं तिचं, आणि मागोमाग तिच्या दत्तक मुलाचं. हिने मागून, भांडून, वर्षं थांबून मिळवलं. मुलाला मात्र आईच्या बोटाला धरून मिळालं.

यावर तू म्हणशील, आणि तुझी लेक तर म्हणेलच, की आई, हेच तर म्हणतेय मी. थांब, आपल्या रमाबाई येऊ देत. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेजला पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. एवढी विदुषी, शास्त्री-पंडितांना पुरून उरलेली. त्याच दिवशी अडीच वर्षांच्या लेकीला, मनोरमेलाही दिला! आणि मग त्याच रमाबाई वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून कडकडून भांडतात, की माझ्या मुलीच्या डोक्यात तुमची मतं अशी कोंबू नका. आधी मला हे ढोंग वाटायचं. आता वाटत नाही. पाणी घातलं ते आई म्हणून, भांडल्या त्याही आई म्हणूनच. मनोरमा पुढे आईच्याच कामात राहिली आणि 1921 मध्ये आईच्या आधी गेली. तिला स्वतःला काय वाटत होतं, ते मला आईच्या पत्रांत शोधावं लागतं, यातच सगळं आलं.

आणि मुलाने स्वतःहून ठरवलं तरी काय होतं? 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांच्यामागे धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला. वय दहा-बारा. बाप कोर्टात गेला, कोर्टाने पोर बापाच्या हवाली केलं. घरी आला तर जातवाले म्हणाले, बाटलाय, घेणार नाही. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणून उभे राहिले, तर त्यांच्यावरच गहजब. मिशन म्हणे आमचा, कोर्ट म्हणे बापाचा, जात म्हणे कुणाचाच नाही.

आता माझं सांगते, हे तुला कधी बोलले नव्हते. आम्ही आमच्या लेकाची मुंज केली नाही, आठवतं ना? किती मिरवलं होतं मी, मोठा झाला की तो ठरवील म्हणून. सासरे गेले तेव्हा तो बावीसचा. घाटावर गुरुजींनी तिथल्या तिथे त्याच्या गळ्यात जानवं घातलं आणि म्हणाले, अपसव्य करा. हा माझ्याकडे बघतोय. डावं की उजवं, त्याला ठाऊक नाही. गुरुजींनी दोनदा खांद्यावरून फिरवून दिलं. त्या आजोबांचा हा सगळ्यात लाडका नातू, आणि पाहुण्यासारखा उभा. घरी येताना गाडीत म्हणाला, "निवड म्हणालात, पण दुकानच कधी दाखवलं नाहीत." ते जानवं आता त्याच्या ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या वायरींत गुंडाळलेलं आहे. टाकतही नाही, घालतही नाही.

म्हणून विचारतेस तर सांगते, बाप्तिस्म्याला जा. ती अंजिरी नारायणपेठ नेस आणि पहिल्या बाकावर बस. विहीणबाईंना वाईचं आमंत्रण दे, जावळाला न्हावी वस्तरा पाजळायला लागला की त्यांचाही जीव तुझ्यासारखाच वरखाली होऊ दे. तुझ्या लेकीचं मात्र ऐकून घे. ती हट्टी आहे, पण प्रश्न तिचा खरा आहे. त्यांच्या कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायद्यातही आईबापांपैकी एकाची तरी संमती लागते, शिवाय मूल त्या धर्मात वाढेल अशी आशाही लागते. तेव्हा जावयाने तोंड उघडायला हवं. दोन आज्या मिळून त्याचं काम करू नका. आणि पंधराव्या वर्षी त्या पोराने झगा आणि जावळ दोन्हीवर पाणी सोडलं, तर तू रडणार नाहीस असं काही मी लिहून मागत नाही. मीही रडले असते.

हो, ते राहिलंच. परवा बारशाच्या, म्हणजे ज्ञानस्नानाच्या पंगतीत सगळ्यांना मटण बिर्याणी, आणि माझ्यासाठी केळीच्या पानावर वेगळा दहीभात. वाढायला आला एक उंच, दाढीवाला, चाळिशीचा. लोणचं हवं का विचारलं. टीचर अम्मा पलीकडून ओरडल्या, तिला जास्त तिखट देऊ नकोस रे. तोच धाकटा. भाची त्याच्या खांद्यावर झोपली होती, झग्याची लेस त्याच्या शर्टाच्या बटणात अडकलेली.

नारळ अजून माझ्याकडेच आहे, उद्या चटणी करीन. तू बाळाचं नाव काही सांगितलं नाहीस, तेवढं कळव.

तुझी,
बंडी