कणांचा रंग

पेडण्यात पाऊस धरला की रक्ताचे स्मियर लवकर सुकत नाहीत. दमट हवेतले पाणी रंगातल्या मिथेनॉलमध्ये उतरते आणि तांबड्या पेशी कसर लागलेल्या कापडासारख्या दिसू लागतात. म्हणून काचपट्टीवर रक्त ओढले की ती लगेच पंख्याखाली धरायची आणि लिशमन रंगाच्या बाटलीचे बूच उघडे ठेवायचे नाही. हे सांभाळले नाही, तर पुढचे वाचन फसवे ठरते.

याच दिवसांत शेतातल्या चिखलात राबणारी माणसे तापाने फणफणून येतात. पेडणे असो वा डिचोली, पहिला प्रश्न ठरलेला: "बाय, पेशी कितल्यो आसात?" त्यांना प्लेटलेट विचारायच्या असतात, डेंग्यूने तेवढ्याच पेशी मनात ठसवल्या आहेत. पण प्लेटलेट लेप्टोस्पायरोसिसमध्येही उतरतात. मी पांढऱ्या पेशी बघते. डेंग्यूत त्या बहुधा घटतात, लेप्टोत पुष्कळदा न्यूट्रोफिल वाढतात. हा आकडा मशीनही देते. न्यूट्रोफिलच्या आत काय चालले आहे, ते मात्र ऑइल इमर्शनखाली डोळा लावल्यावरच कळते.

आत बारीक कण असतात, आणि त्यांत जंतू मारणारी प्रथिने भरलेली असतात. त्यांतल्या डिफेन्सिनना हे नाव 1985 साली लॉस एंजेलिसच्या गान्झ, सेल्स्टेड आणि लेहरर यांनी दिले. जेमतेम तीस अमिनो आम्लांची ही साखळी, गंधकाच्या तीन बंधांनी आवळलेली. तिच्यावर धन भार, जिवाणूच्या आवरणावर ऋण. ती तिथे चिकटते आणि आवरण फोडते. जोडीला लायसोझाइम, ज्याचा शोध फ्लेमिंगने पेनिसिलिनच्याही आधी, 1922 साली प्रसिद्ध केला. लॅक्टोफेरिन जंतूंच्या तोंडचे लोह काढून घेते. न्यूट्रोफिल जंतूला गिळते आणि हे सगळे त्याच्यावर ओतते.

इओसिनोफिलच्या बाबतीत तर या प्रथिनांचा रंगच समोर दिसतो. कुळागरात अनवाणी फिरणाऱ्याच्या पोटात हुकवर्म असले, तर काचेवर केशरी कणांनी गच्च भरलेल्या पेशी जागोजाग भेटतात. इओसिन हा आम्लधर्मी रंग, कणांतली प्रथिने पक्की अल्कधर्मी. म्हणून तो त्यांनाच धरतो. एहरलिखने 1879 साली या पेशी अशाच ओळखल्या. इतक्या साध्या रंगाने शरीराचे शस्त्र डोळ्यांना दिसावे, याचे मला अजून अप्रूप वाटते.

जबर संसर्गात अस्थिमज्जा न्यूट्रोफिल घाईने तयार करून सोडते, तेव्हा त्यांतले कण गडद, ठसठशीत उठतात. याला आम्ही टॉक्सिक ग्रॅन्युलेशन म्हणतो. पण रंग जास्त वेळ राहिला किंवा बफर 6.8 पीएचवरून वर सरकला, तरी कण असेच काळवंडतात. नळाचे पाणी बफरच्या जागी वापरू नये, ते यासाठीच. म्हणून मी आधी शेजारच्या तांबड्या पेशी बघते. त्या गुलाबीऐवजी निळसर असतील, तर दुसरा स्मियर रंगवते. त्या नीट गुलाबी असतील, न्यूट्रोफिलमध्ये पोकळ्या आणि फिकट निळे डोले बॉडीजही असतील, तर शंका उरत नाही.

हे लेप्टोचेच लक्षण नव्हे, न्यूमोनियातही दिसते. पण नुसत्या प्लेटलेट बघून डेंग्यू समजलेल्या रुग्णाचा पुन्हा विचार करायला ते पुरेसे असते. अशा वेळी रिपोर्ट छापून होण्याची वाट न बघता मी डॉक्टरांना फोन लावते. लेप्टो निघाला आणि डॉक्सीसायक्लिन किंवा पेनिसिलिन वेळेत सुरू झाले, तर मूत्रपिंडे वाचू शकतात.