गिरणीतली फळी

आमच्या गावच्या वाचनालयाला पाटी नाही. बदलापूरहून उल्हास नदीच्या कडेकडेनं आमच्याकडे आलात आणि कुणाला विचारलंत, "वाचनालय कुठं आहे?" तर तो माणूस नुसता तुमच्या तोंडाकडे बघत राहील. "गिरणीतली फळी कुठं?" असं विचारा. शेंबडं पोरगंही हात करून दाखवेल.

गिरणी माझ्या चुलतभावाची. भाताची आहे, बाजूला पिठाचीही आहे. तिच्या आतल्या भिंतीला फळी ठोकली ती 1998 साली. आता पाच फळ्या झाल्यात, पण नाव फळीच राहिलं. पुस्तकांवर कायम कोंड्याची धूळ असते. पुस्तक उघडायच्या आधी एक फुंकर मारायची, ही आमची पद्धत. शहरातला पाहुणा ही पद्धत विसरतो आणि मग शिंकत बसतो.

हे सगळं का केलं ते सांगायचं तर आधी दुधाकडे जावं लागेल.

मी 1977 साली दहावी झालो. दहावीची परीक्षा तेव्हा नवीनच होती, आधी अकरावीला मॅट्रिक असायची. वडील म्हणाले, "बास झाला आता. म्हशी कोन बघनार?" झालं. पहाटे दूध काढायचं, सायकलला दोन किटल्या अडकवून बदलापूर स्टेशन गाठायचं, कर्जतहून येणाऱ्या लोकलच्या मालडब्यात चढायचं. थोडं दूध अंबरनाथला, बाकीचं उल्हासनगरच्या एका हलवायाकडे.

त्या हलवायाचे वडील दुकानाच्या पायरीवर बसून पेपर वाचत. सिंधी पेपर, उर्दूसारख्या अक्षरांचा, उजवीकडून डावीकडे जाणारा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना लढाईच्या काळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा दिली आणि 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं, हे आता पुस्तकात वाचायला मिळतं. मी ते त्या पायरीवर ऐकलं. एकदा मी हसून म्हणालो, "बाबाजी, आप उलटा पढते हो." ते म्हणाले, "बेटा, मेरे को तो तू उलटा लगता है." मग विचारलं, किती शिकलास? मी सांगितलं. म्हणाले, मग रोज येताना रिकामा हात का येतोस, बाजूला रद्दीवाला आहे.

त्या रद्दीवाल्याकडे मराठी मासिकं, दिवाळी अंक किलोवर मिळायचे. दूध रिकामं केलं की किटलीत अंक घालून परत यायचो. झाकण नीट लावलं की पावसातसुद्धा भिजत नसत. आठ-दहा वर्षं माझी सगळी वाचनभूक त्या किटलीनं भागवली. कथेचं पहिलं पान फाटलेलं असायचं, नाहीतर शेवटचं. पुष्कळ खुनांचा तपास मला आजतागायत लागलेला नाही.

या वाचनाचा मला गर्व झाला, हे इथं कबूल करतो. कुणी बोलायला आलं की मी म्हणायचो, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" दादाला तर फार बोलायचो. दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. चौथीतून नांगरामागे गेला. मला दहावीपर्यंत जाता आलं ते तो शेतात होता म्हणून. हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी बोलायचो.

1994 साल. बदलापूरला इमारती वाढत होत्या, मुंबईत घर न परवडणारी माणसं गाडीच्या शेवटच्या टोकाला येत होती आणि आमच्या खाचरांना एकदम भाव आला होता. दादाच्या वाट्याचा रस्त्यालगतचा तुकडा मागायला एक दलाल येऊ लागला. मुलीचं लग्न काढलं होतं, म्हणून अकरा गुंठे द्यायचं दादानं ठरवलं. एके दिवशी तो त्या माणसाबरोबर तालुक्याला, म्हणजे तेव्हा उल्हासनगरला, जाऊन सही करून आला. सही म्हणजे काय, अक्षर जोडून जोडून नाव लिहायचा. मला दाखवलं नाही. मी घरातच होतो, ओटीवर दिवाळी अंक वाचत बसलो होतो. तो माझ्यासमोरून गेला आणि समोरून आला.

वर्षानं कळलं, कागद अकरा गुंठ्यांचा नव्हता. कुलमुखत्यारपत्र होतं, आणि त्यात पूर्ण गटाचं क्षेत्र लिहिलं होतं. दोन एकर दहा गुंठे. मोजणीवाले आले तेव्हा वैनी बांधावर आडवी बसली.

मी दादावर ओरडलो, "दहावी झालेला भाऊ घरात असताना मला का नाही दाखवलंस?"

दादा खाली बघून म्हणाला, "तुना दाखवला आसता, तं तू हसला आसतास."

यावर मला आजपर्यंत उत्तर सापडलेलं नाही. पुढे अकरा वर्षं कोर्टात गेली. शेवटी तडजोडीत निम्मी जमीन राहिली. ती हकिगत इथं लांबवत नाही, प्रत्येक गावात तशी एक आहेच.

माझ्या मनात मात्र बसलं की, माझ्या वाचनाचा माझ्या घराला उपयोग झाला नाही, उलट अडसर झाला. ज्या घरात एकच माणूस वाचतो त्या घरात बाकीच्यांना त्याची भीती वाटते. म्हणून वाचनालय.

पहिला प्रयत्न रीतसर केला. समाजमंदिरात कपाट, नारळ, शाल, भाषण. शहरातल्या ओळखीच्यांना पुस्तकं मागितली. लोकांनी खूप दिली, पण काय दिली? मुलांची जुनी गाइडं, हिशोबतपासनिसाच्या परीक्षेची इंग्रजी पुस्तकं, शेअर बाजार, एकानं तर टेलिफोन डिरेक्टरी दिली. दान करताना माणूस घर साफ करतो, हा माझा अनुभव. सहा महिन्यांत कपाटाला कुलूप लागलं आणि किल्लीही हरवली.

सरकारी मान्यता घ्यायची म्हणूनही खेपा घातल्या. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्यात अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. पण आधी संस्था नोंदवा, कार्यकारिणी करा, इतिवृत्त लिहा. इतिवृत्त लिहिणारा गावात मी एकटाच. ते सोडून दिलं.

मग एकदा भात भरडायला गिरणीत बसलो होतो. नोव्हेंबर-डिसेंबरात झोडणी उरकली की गिरणीत रांग लागते, दोन-दोन तास बसावं लागतं. आणि गिरणी चालू असताना बोलता येत नाही. पट्ट्याचा आवाज एवढा की शेजारच्याला कानात ओरडून सांगावं लागतं. माणसं पोत्यावर बसून नुसती समोर बघत होती. मला वाटलं, सगळ्या गावात माणूस गप्प बसतो अशी ही एकच जागा आहे! दुसऱ्या दिवशी चुलतभावाकडे फळी ठोकली, घरचे चाळीस-पन्नास अंक लावले. नोंदवही नाही, वर्गणी नाही. पुस्तक घरी न्यायचं तर त्या जागी आपली रिकामी पिशवी ठेवायची. पिशवीसाठी माणूस परत येतोच.

वाचली का लोकांनी? आधी चित्रं बघितली. मग जाहिराती. मग शेतीचं पान, राशिभविष्य. मी काही बोललो नाही. गप्प राहायचं ही एक गोष्ट मी दादाकडून उशिरा शिकलो.

खरी मजा भारनियमनानं केली. लाइट गेली की गिरणी बंद, आणि आता लाइट कधी येते याची वाट बघत पंधरा-वीस माणसं अंधारलेल्या खोलीत. तेव्हा शाळेतल्या एखाद्या पोराला दारातल्या उजेडात उभं करायचं आणि मोठ्यानं वाचायला लावायचं. लोकांनी विजेच्या नावानं एवढ्या शिव्या दिल्या, पण गोष्ट रंगात आली आणि लाइट आली तर म्हाताऱ्या ओरडायच्या, "ए, चालू नको करूस रं, तिचा काय झाला ते कलू दे!" चुलतभाऊ बिचारा बटणावर हात ठेवून उभा.

दादा गिरणीत यायचा नाही. त्याचं भात वैनी आणायची.

26 जुलै 2005 ला उल्हासला जो पूर आला तो बदलापूरकर विसरणार नाहीत. गिरणी सखल जागेत. रात्री पाणी आत शिरलं, सकाळी छातीएवढं. पाणी उतरल्यावर गेलो तर पुस्तकांचा चिखल झालेला. दीड-दोनशे तरी जड लगदा. मी दारातच बसलो. भाताचं आवण वाहून गेलं होतं, म्हैस गेली होती, आणि मी पुस्तकांसाठी रडतोय याची लाजही वाटत होती.

तेवढ्यात दादा आला, डोक्यावर टोपलं. काही न बोलता ज्यांचे पुठ्ठे धड होते ती वेचली, टोपल्यात भरली आणि घरी नेली. आमच्याकडे चुलीवर बांबूची ताटी टांगलेली असते, पावसाळ्यात तिच्यावर लाकडं आणि सुकी मासळी ठेवतात. दादानं मासळी खाली काढली आणि पुस्तकं वर लावली. रोज उलटायचा. पान चिकटलं की नखानं सोडवायचा. महिनाभर वैनी धुरात पुस्तकांखाली भाकऱ्या भाजत होती. साठेक पुस्तकं वाचली. त्यांना अजून धुराचा आणि बोंबलाचा वास येतो.

पान सोडवताना दादाची नजर अक्षरावर पडायची. आधी एक शब्द, मग ओळ. मी हे चोरून बघितलं. पुढे तो नातीला घेऊन बसू लागला. म्हणायचा तिला शिकवतो, पण बोट तिचं असायचं आणि आवाज त्याचा.

नंतर मी खूप ठिकाणी फिरून बघितलं. बदलापुरातच श्याम जोशी यांचं 'ग्रंथसखा' आहे. चित्रकलेच्या शिक्षकानं एवढी दुर्मिळ पुस्तकं, जुनी मासिकं जमवली, तिथं अभ्यासक येतात. माझ्या रद्दीतल्या अंकांना तिथं इज्जत आहे हे बघून बरं वाटलं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी आपलं पुस्तक द्या, दुसरं न्या असा सोहळा भरवते. ती कल्पना मी उचलली, पण आमच्याकडे सगळ्यांनी पंचांगंच आणली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं, आमच्या पणजोबांच्या आधीचं, आणि आमच्यातलं कुणी त्याची पायरी चढलेलं नव्हतं. पाचगणीजवळ भिलार हे पुस्तकांचं गाव 2017 साली झालं, तिथंही एसटीनं जाऊन आलो. घराघरात पुस्तकं, बाजूला स्ट्रॉबेरी. सुंदर आहे. पण तिथं वाचणारा बहुतेक माझ्यासारखा पाहुणा होता. मला जास्त आवडली ती आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातली फांगणे गावची आजीबाईंची शाळा. 2016 च्या महिलादिनी सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या म्हाताऱ्या पाटी-दप्तर घेऊन जातात. ते ऐकून आमच्या वैनीनं विचारलं, "आन् आमची फली काय पुरुषांचीच का?" तेव्हापासून मंगळवारी दुपारी पिठाची गिरणी बायकांची. बचतगटाचे कर्जाचे कागद आधी वाचायचे, मग गोष्ट.

हळदीतही एक प्रयोग केला. आमच्याकडची हळद म्हणजे रात्रभर बेंजो, डीजे, जेवणावळी. पुतणीच्या हळदीत आहेराच्या बाजूला पुस्तकांचं टेबल मांडलं. कुणी ढुंकून बघितलं नाही. पहाटे बघतो तर दोन जण त्यावर डोकं ठेवून झोपलेले.

मागच्या माघात गिरणीत होतो. दादा आता चौऱ्याहत्तरचा, रोज येतो, चष्मा दोरीनं गळ्यात. वरच्या आळीतला एक पोरगा दलालाबरोबर आला. उद्या सही आहे, म्हणून आधी तात्यांना कागद दाखवून घेतो म्हणाला. आता तशी रीतच पडली आहे. कागद माझ्या हातात आला होता. मी तो दादाकडे दिला.

दादानं चुलतभावाला हात केला. गिरणी बंद झाली. मग ओळीखाली बोट धरून, अडखळत, मोठ्यानं त्यानं वाचायला सुरुवात केली. गटनंबर. पोटहिस्सा. चतुःसीमा. दलाल म्हणाला, "तात्या, तेवढं सगळं कशाला, ते नेहमीचंच असतं." दादानं बोट तिथंच ठेवलं, तो बोलून होईपर्यंत थांबला, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिसऱ्या पानावर 'संपूर्ण क्षेत्र' असे शब्द आले. दादा थांबला. चष्म्यावरून पोराकडे बघून म्हणाला, "तू किती देतंस?"

"सात गुंठं."

"इथं समदा हाय."

दलालानं कागद घडी करून पिशवीत ठेवला, टायपिंगची चूक असेल म्हणाला, आणि मोटारसायकलकडे गेला. पोत्यावरच्या माणसांपैकी कुणी काही बोललं नाही. दादानं चष्मा पुसला आणि चुलतभावाला म्हणाला, "चालू कर. तिचा भात भरडायचा राह्यलाय."

पट्टा फिरायला लागला.