वाटेवरचें नायगांव

महाराष्ट्रांत नायगांव या नांवाचीं गांवें ठिकठिकाणीं आढळतात. सावित्रीबाई फुले यांचा १८३१ सालीं जेथें जन्म झाला तें नायगांव सातारा जिल्ह्यांतलें. मोरांच्या अभयारण्यामुळें माहीत झालेलें बीड जिल्ह्यांतलें. आणि मुंबईच्या गिरणगांवांतील नायगांवीं तर कैक वाचकांच्या आप्तांचें बिऱ्हाड असेल. ज्याविषयीं येथें लिहावयाचें आहे तें या सर्वांहून निराळें, मराठवाड्याच्या पूर्व टोंकाकडील, नांदेड जिल्ह्यांतलें नायगांव होय. सरकारी कागदांत त्यापुढें कंसांत ‘खैरगांव’ असें लिहिलेलें असतें. तेवढ्यानें या गर्दींत त्याची ओळख पटते.

नांदेडास शिखांचें सचखंड आहे, कंधारास राष्ट्रकूटकालीन किल्ला आहे, देगलूरजवळच्या होट्टलास चालुक्यांच्या काळचीं कोरीव देवळें आहेत. नायगांव या सर्वांच्या मधोमध, पण प्रवासी तेथें उतरतो तो चहापुरता. अशा गांवाला इतिहास कसला असणार, असें कोणासही वाटेल. आमचें मत उलट आहे. किल्ल्याचा इतिहास राजे घडवितात. नायगांवासारख्या गांवाचा इतिहास घडविला तो दुसऱ्या कोणी दूर बसून आंखलेल्या रेषांनीं. म्हणूनच तो पाहण्यासारखा आहे.

नांदेडहून आग्नेयेस सुमारें ५० किलोमीटर गेलें कीं नायगांव लागतें. तालुक्याच्या उत्तर अंगानें गोदावरी वाहते व पलीकडच्या तीरावर उमरी आणि धर्माबाद हे तालुके आहेत. शिवार काळ्या मातीचें. कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद हीं येथलीं परंपरेचीं पिकें, आणि अलीकडच्या दोनतीन दशकांत सोयाबीननें त्यांतली बरीच जागा बळकाविली आहे. येथून बिलोली-देगलूरकडे सरकूं लागलें म्हणजे भूमीचा स्वभावच पालटतो. सह्याद्रीपासून सलग पसरत आलेला काळा कातळ विरळ होत जातो व त्याच्याखालचा, त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइटाचा खडक ठिकठिकाणीं डोकें वर काढतो. महाराष्ट्राचा पाषाण संपून तेलंगणाचा सुरू होतो तो याच टापूंत.

भाषेचेंही तसेंच आहे. आसपासच्या गांवांचीं नांवें उच्चारून पाहावीं: कुंटूर, कृष्णूर, देगलूर. हा शेवटचा ‘ऊर’ म्हणजे कानडी-तेलुगूंतलें गांव. त्यांच्याच शेजारीं नायगांव, खैरगांव हीं निखळ मराठी नांवें नांदत आहेत. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता या भागावर होती व होट्टलच्या शिलालेखांत कानडी आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या शेजाराचें नवल वाटत नाहीं. येथल्या बोलींत ‘करूं लागलों’चें ‘करलालो’ होतें. पुणेकर पाहुण्याला हंसूं येतें, पण असें हंसणाऱ्यानें आधीं येथल्या बाजारांत तासभर उभें राहावें. मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तीन भाषांत सहज व्यवहार करणारा माणूस येथें विद्वान् समजला जात नाहीं, कारण ती नित्याची गोष्ट आहे.

आतां त्या रेषा. पहिली लोखंडाची. हैदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १९०० च्या सुमारास, निजामी राज्यांतून धांवूं लागला. तो या टापूंत गोदावरीच्या उत्तर तीरानें नेण्यांत आला. उमरी, धर्माबाद यांना स्टेशन मिळालें, कापसाची उलाढाल तिकडे वाढली. दक्षिण तीरावरच्या नायगांवाच्या वांट्यास आली ती सडक.

उमरीच्या त्या भरभराटीला पुढें एक अनपेक्षित फळ आलें. १९४६ ते १९४८ हीं वर्षें हैदराबाद संस्थानच्या प्रजेला फार कठीण गेलीं. नायगांव त्या वेळीं बिलोली तालुक्यांत होतें. त्याच तालुक्यांत अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ रोजीं गोविंदराव पानसरे या कार्यकर्त्यास निजामी राजवटीच्या पाठीराख्यांनीं वाटेंत गांठून ठार केलें. मुक्तिसंग्रामांतील पहिल्या हुतात्म्यांत त्यांची गणना होते व अर्जापूरच्या महाविद्यालयास त्यांचेंच नांव आहे. पुढें ३० जानेवारी १९४८ रोजीं स्वातंत्र्यसैनिकांनीं नदीपलीकडील उमरीच्या बँकेवर हल्ला करून लाखों रुपये चळवळीकरितां हस्तगत केले. ज्या दिवशीं दिल्लींत महात्माजींचा वध झाला तोच हा दिवस. त्या सप्टेंबरांत, १३ ते १७ या पांच दिवसांत, भारत सरकारच्या पोलीस कारवाईनें निजामाची सत्ता संपली.

या प्रकरणाचें दुसरें पानही आहे आणि तें आपण घरोघरीं मुलांना सांगत नाहीं. रझाकारांचे अत्याचार जसे खरे, तसेंच कारवाईनंतर मराठवाड्याच्या खेड्यांतून अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर जें गुदरलें तेंही खरें. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें तें नमूद करून ठेविलें आहे, व फार झळ लागलेल्या जिल्ह्यांत नांदेडचें नांव आहे. तीं वर्षें डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आतां जवळजवळ उरलीं नाहींत. ज्यांच्या घरीं कोणी नव्वदी ओलांडलेलें आजोबा-आजी असतील त्यांनीं त्यांचें बोलणें दोन्ही बाजूंनीं ऐकून उतरून घ्यावें.

दुसरी रेषा कागदावरची. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषावार प्रांतरचना झाली व हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे पडले. नांदेड जिल्हा मुंबई राज्यांत आला, पण देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यांतील मुधोळ, भैंसा व कुबेर हीं मंडळें आंध्रांत गेलीं. पिढ्यान्पिढ्या सोयरीक चालत आलेलीं गांवें एका दिवसांत परराज्यांतलीं झालीं. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या. कारकुनाच्या रेघेला व्याही-विहिणी फारसा मान देत नाहींत.

पाण्याला मात्र ती रेघ मानावी लागते. धर्माबाद तालुक्यांत बाभळी येथें गोदावरीवर महाराष्ट्रानें २.७४ टीएमसी क्षमतेचा बंधारा बांधला. खालीं श्रीरामसागर धरण असल्यामुळें आंध्र प्रदेशानें हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयानें २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं बंधारा कायम ठेविला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याची अट घातली. म्हणजे नदी दुथडी भरून वाहते तेव्हां ती अडवावयाची नाहीं, आणि अडवावयाची मुभा मिळते तेव्हां पाऊस परतलेला असतो. न्यायालयापुढें दोन्ही राज्यांची बाजू होती हें खरें. परंतु काठावर राहून उन्हाळ्यांत कोरड्या विहिरींत डोकावणाऱ्याला तें समजावून सांगणें सोपें नव्हे.

तिसरी रेषा १९९९ सालची: बिलोलींतून वेगळा काढून नायगांव तालुका झाला. तहसिलीच्या कामासाठीं बिलोलीची खेप वांचली. कृष्णूरास औद्योगिक वसाहत झाली ती सडकेच्याच कांठीं. ज्या सडकेवर समाधान मानावें लागलें होतें ती आतां अकोल्याहून नांदेड, देगलूरमार्गें संगारेड्डीस जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाली आहे.

त्याच सडकेनें पुढें नर्सी लागते. संत नामदेवांचें म्हणून मानलें जाणारें नर्सी हें नव्हे. तें हिंगोली जिल्ह्यांत आहे, आणि नव्या यात्रेकरूनें तिकीट काढतांना एवढें विचारून घ्यावें. या नर्सीच्या चौकांतून एक वाट मुखेडास, एक बिलोलीस, एक देगलूरावरून थेट हैदराबादेस जाते. हैदराबादेची गाडी आली कीं चौकांतला मराठी गलबला क्षणभर तेलुगू होतो, आणि ती सुटल्यावर पुन्हां मराठी.